मिस्त्रींची लाल टिकली

"गाडी बंद करू नका!" हे मिस्त्रींचं स्वागत. नमस्कार वगैरे नंतर. नाशिकच्या पेठ रोडवरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये टर्बोवाली गाडी शिरली, की असतील तिथून ते तळहात उंच करून ओरडत, मग मनाशी साठपर्यंत मोजत. हात खाली आला, की चावी फिरवायची परवानगी. "पळत आलेल्या माणसाला लगेच आडवं करता का? टर्बो आत लालबुंद झालेला असतो. तेल फिरू द्या, निवू द्या." एकदा मी घाईत इंजिन बंद केलं, तर त्यांनी ते पुन्हा सुरू करायला लावून मला मिनिटभर गाडीशेजारी उभं केलं. मी तेव्हा बँकेत शाखाधिकारी होतो. एरवी उभं करायचं काम माझं असे.

मिस्त्री नामपूरचे. बोलणं भरपूर, पण इंजिनाचं हेड बसवून बोल्ट आवळायला घेतले की तोंडाला कुलूप. डोळे मिटून आवळत. किती आवळलं ते मोजणारा पाना भिंतीवर टांगलेला असे, तो शेवटी घेत. "आधी हाताला विचारायचं, मग त्याला. दोघांचं जुळलं पाहिजे." आणि ते जुळे. त्यानंतर गिऱ्हाइकानं शिवू नये अशा प्रत्येक नटावर लाल रंगाचा ठिपका. त्याला ते टिकली म्हणत. "टिकली मोडली तर मला कळतं बरं का, साहेब."

माझ्या पंधरा वर्षं जुन्या डिझेल गाडीचं हेड त्यांनी असंच डोळे मिटून बसवलं होतं. गाडी छान पळत होती. पण माझ्या साडूनं नवी गाडी घेतली आणि कसाऱ्याच्या घाटात मला मागे टाकताना काच खाली करून हात हलवला. काच खाली केली नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

मी मिस्त्रींकडे गेलो. "टर्बोची हवा जरा वाढवून द्या ना."

"गाडी किती वर्षांची?"

"पंधरा."

"आणि तुम्ही?"

"अठ्ठावन्न."

"मग दोघंही जपून राहा." पण माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी मला बसवून घेतलं. "हे बघा. टर्बो जास्त हवा कोंबंल, त्याला काय! हवा वाढली की या गाडीत डिझेलपण वाढतं. मग आत दाब वाढतो, ताप वाढतो. पिस्टन, गॅस्केट, बोल्ट सगळं कंपनीनं ठरल्या दाबापुरतं दिलंय. टर्बो मजेत राहतो, खालचं इंजिन मरतं. मी नाय करणार."

मग मीच केलं. टर्बोच्या बाजूला एक दांडी असते, तिच्यावरचा नट फिरवला की हवा वाढते, एवढं ज्ञान मोबाइलवरच्या एका व्हिडिओत मिळालं. त्या नटावर मिस्त्रींची टिकली होती. ती मोडून मी दोन फेरे दिले आणि वर बायकोची लाल नेलपॉलिश लावली. "लग्नाला तीस वर्षं झाली," बायको म्हणाली, "आता हे काय नवीन?"

आठ दिवस मी राजा होतो. नवव्या दिवशी मुंबईहून परतताना त्याच घाटात साडूला मागे टाकलं, काच खाली करून हात हलवला, आणि पुढच्याच वळणावर माझ्या मागे पांढऱ्या धुराचा ढग उठला. पाणी उकळलं, इंजिन गप्प. घाट मी साडूच्या गाडीला दोरानं बांधून चढलो.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं. हेडखालची गॅस्केट फाटलेली, एक पिस्टन तडकलेला. त्यांनी टॉर्च मारून टर्बोचा नट पाहिला. टिकली शाबूत. "कुठं हात लावला होता का, साहेब?"

"छे! मी कशाला?"

इतकं सहज आलं ते तोंडातून. मिस्त्री बराच वेळ उजव्या हाताची बोटं उघडमीट करत राहिले. "मग माझेच बोल्ट ढिले राहिले." दुरुस्तीला त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. मी आग्रह केला, पण खरं बोललो नाही.

त्यानंतर ते हेडचं काम दुसरीकडे पाठवू लागले. गिऱ्हाइकानं विचारलं, की स्वतःच सांगत, "माझ्या हातनं एक इंजिन गेलंय." असं सांगणाऱ्याकडे कोण गाडी देईल? मी मात्र बाकीची सगळी फजिती, दोरासकट, चारचौघांत रंगवून सांगत होतो. नेलपॉलिश तेवढी गाळून.

दीड वर्षानं बॅटरीसाठी गेलो तर शेडला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मिस्त्री गावी गेले. हाताचा भरवसा राहिला नाही म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी एसटीनं नामपूर गाठलं. मिस्त्री ओट्यावर कांदे निवडत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देतील. मी त्यासाठीच गेलो होतो.

"किती फेरे दिले?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"दोन." त्यांनी मान हलवली. "म्हणजे बोल्ट बरोबर होते."

"तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मिस्त्री, परत चला नाशिकला."

"पाने विकले, साहेब." मग ते घराकडे वळून बायकोला अहिराणीत हाक मारू लागले, "आठे ये वं, साहेब काय सांगतस ते ऐक!" त्या पदराला हात पुसत आल्या. "सांगा. हिला सांगा परत. पहिल्यापासून."

मी सांगितलं. मग त्यांनी शेजारच्या भावाला बोलावलं, त्यालाही मी सांगितलं. मग पेठ रोडच्या पंक्चरवाल्याला फोन लावून तो माझ्या कानाशी धरला. माझ्या फजितीच्या गोष्टी लोक पुन्हापुन्हा सांगायला लावतात, याचा मला नेहमी अभिमान वाटे. ही चौथ्यांदा सांगताना मिस्त्री एकेक शब्द माझ्यासोबत ओठांनी म्हणत होते, आणि कुणीच हसत नव्हतं.