टँकरसारखी वाजणारी गिटार

पोळ्याचा दुसरा दिवस, घटस्थापनेची सकाळ आणि दसऱ्यानंतरचा पहिला बाजार: या तीन दिवशी आमच्या गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन, न आलेल्या टँकरसाठी, तो जिच्यात पाणी ओततो त्या बिनकठड्याच्या विहिरीकडे धावल्या. जबाबदार व्यक्ती क्रमाने अशा. पहिले, पाणीपुरवठा सहकारी संस्थेचे चेअरमन, ज्यांनी कठड्याचा ठराव मंजूर केला आणि कठडा तेवढा बांधला नाही. दुसरा, त्यांचा टँकरचालक, ज्याला आपण कधी येणार हे स्वतःलाही ठाऊक नसते. तिसरा, माझा मेहुणा. नेकनूरपासून परळीपर्यंत याच्याइतका निरुपद्रवी माणूस सापडणार नाही, आणि मला याच्याइतकी भीती दुसऱ्या कुणाचीही वाटत नाही.

हा इसम लग्नाच्या बँजो पार्टीत गिटार वाजवतो. गेल्या लग्नसराईत अर्धे गाव ऊसतोडीला गेलेले, उरलेल्यांनी दुष्काळामुळे लग्ने पुढे ढकललेली. तेव्हापासून हातांना काम हवे म्हणून तो वस्तू उघडतो. आमचा मिक्सर त्याने दुरुस्त केला, तेव्हापासून तो बंद केला की सुरू होतो. माझा रेडिओ 'जरा बघतो' म्हणून नेला. त्यातले ट्रान्झिस्टर मला पुढे एका जेवणाच्या डब्यात भेटले. या डब्याला तो 'फज' म्हणतो. गिटारची वायर त्यात घालून पायाने बटण दाबले, की गोड सूर फाटतो आणि घरघरू लागतो. वाजवताना हा डोळे मिटून घेतो, म्हणून बाहेरचे त्याला दिसत नाही. बाहेर बायका ओरडत असतात, "आला गं, आला!" कारण चढावर पहिल्या गिअरमध्ये कण्हणारा टँकर हुबेहूब तसाच वाजतो.

तिसऱ्या खेपेस माझी पत्नी, म्हणजे त्याची थोरली बहीण, विहिरीच्या काठावर घसरली. शेजारणीने दंड धरला म्हणून राहिली. घागर मात्र गेली, आणि ती तळाच्या खडकावर आपटल्याचा आवाज वर यायला जो वेळ लागला, तेवढ्यात मी म्हातारा झालो. तसाच मेहुण्याच्या दारात जाऊन मी लेखी खुलासा मागितला.

तो मान खाली घालून म्हणाला, "दाजी, उद्याच टोन कमी करतो."

साखर कारखान्याच्या वजनकाट्याशी हयातभर भांडलेला मी कडाडलो, "टन कमी करणे हा सभासदांचा विश्वासघात आहे!"

"टन न्हाई हो दाजी, टोन! कपॅसिटर घातला की बारीक आवाज अर्थिंगला जातो, जाड तेवढा ऱ्हातो. किती जाऊ द्यायचा ते बटन फिरवून ठरवायचं. लई सोपं हाय. मग कुनाला टँकर वाटनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याच रेडिओचे बटण डब्याला लावून आमच्या ओसरीवर आला. बहिणीला पाठ करून बसवले.

"आक्का, डोळे मीट. टँकर वाटंना झाला की सांग."

"टँकरच हाय," ती म्हणाली. त्याने बटण फिरवले. "आता?"

"टँकर. पर लांब हाय."

"आता?"

"गावात शिरला की रं!"

त्याने बटण पार शेवटापर्यंत नेले. गोधडीत सापडलेल्या भुंग्यासारखी गुणगुण उरली. पण तिने पदर कमरेला खोचला होता आणि हात घागरीवर होता. मेहुण्याने हताश होऊन वायरच उपसली.

"आता तर काईच वाजत न्हाई, आक्का."

"व्हय का?" डोळे न उघडता ती म्हणाली. "मला तर ऐकू येतोय की."

त्या दिवसापासून तो वाजवत नाही. मी स्वतः जाऊन 'वाजव बाबा' म्हणालो. त्याने नुसतेच हसून तारा पुसल्या. त्याची गिटार बंद व्हावी, अशी मागणी संस्थेकडे केलेल्या माझ्या एकाही अर्जात नव्हती.

तेव्हा चेअरमनसाहेबांना माझे जाहीर विचारणे आहे: टँकरची वेळ कोणती आणि कठडा कुठे आहे? उत्तर टपालाने नको. त्यांनी विहिरीच्या काठावर उभे राहावे, आणि माझ्या पत्नीकडे पाहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे द्यावे.