कावळ्याला काजळ

काळ्या कागदावर मी काळ्या पेन्सिलीने सावल्या काढल्या. एक-दोन रेघा नव्हे, अख्खी सकाळ. शेवंतीच्या एकेका पाकळीखाली, पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक करून. आर्ट स्कूलचा डिप्लोमा ताईतासारखा दंडाला बांधून आले होते ना मी! फुलाखाली सावली हवी, एवढं तिथे शिकवलं होतं. कागद आधीच काळा आहे, हे शिकवायची गरज पडेल असं मास्तरांना वाटलं नसावं.

डिसोझाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. साकीनाक्याच्या आमच्या साडी प्रिंटिंग युनिटमधल्या त्या हेड डिझायनर. राहायला मरोळ, बोलायला फटकळ.

"सुलभा, काय चाललंय?"

"शेडिंग, मॅडम."

"कुठाय?"

मी बोट ठेवलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं, कावळ्याला काजळ लावतेस?"

सगळे हसले. मीही हसले, पण मी ट्रायलवर होते. या सीझनला तुझं एक तरी डिझाइन पार्टीने, म्हणजे घाऊक घेणाऱ्या दुकानदाराने, उचललं तर राहा, नाहीतर राम राम, असं शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि दहिसरला घरी सासरे त्या राम रामाची वाटच बघत होते. सुनेने कारखान्यात जाऊन फुलं काढायची, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

तेव्हा गणपती यायचे होते आणि आम्ही संक्रांतीत होतो. या धंद्यात सण चार महिने आधी येतो. एरवी सणासुदीला काळं नेसायची सोय नाही. संक्रांतीला मात्र काळीच साडी हवी. म्हणून डिझाइनही काळ्या कागदावर. पाण्याच्या रंगाने तो कागद सुरकुततो, म्हणून बाई कच्चं डिझाइन रंगीत पेन्सिलीने करायला लावत.

"पांढऱ्या कागदावर तू अंधार आणतेस," बाई म्हणाल्या. "इथे अंधार फुकट मिळालाय. तू फक्त उजेड ठेव."

उजेड म्हणजे पांढरी पेन्सिल. प्रत्येक पोराच्या डब्यात सगळ्यात लांब उरते ना, तीच. काळ्यावर नुसता पिवळा घासलात तर तो शेवाळासारखा दिसतो आणि लाल विटकरी. आधी पांढऱ्याचा हात द्यायचा, मग त्यावर रंग. पाकळी अशी उठते की जणू कुणी आतून दिवा लावला! मी तर वेडीच झाले. पिवळ्यात केशरी, केशरीत गुलाबी, देठाकडे जांभळट. माझी शेवंती बघून माझीच मान ताठ झाली.

बाईंनी कागद हातात घेतला. लांब धरून बघितला.

"झकास," म्हणाल्या. "आता रंग मोज."

मोजताना माझा आवाज खाली खाली येत गेला. आमच्याकडे साडी स्क्रीनने छापतात. आता स्क्रीन म्हणजे काय ते सांगते. लाकडी चौकटीवर ताणलेलं बारीक जाळीचं कापड. त्यातून रंग खाली साडीवर उतरतो. एका स्क्रीनमधून एकच रंग. म्हणजे मी पेन्सिल फिरवून सहज केलेली एकेक छटा ही खाली टेबलावर एकेक नवी चौकट आणि शेठना एकेक नवा खर्च.

"तीन रंग आणि एक पांढरा," बाई म्हणाल्या. "बाकीची बाग घरी लाव."

मी रुसले. तीन रंगांत फूल होतं का? डबा ड्रॉवरमध्ये टाकला, चारच पेन्सिली बाहेर ठेवल्या आणि रागारागाने काढायला बसले. पाकळीचं वरचं टोक पांढरं केलं, त्यावर पिवळा दिला. बाकीचे दोन रंग पानांना आणि देठाला लागणार होते, खालच्या भागासाठी रंगच उरला नव्हता. म्हणून तो तसाच सोडला. दुसरी पाकळी, तीही तशीच. मग कागद भिंतीला टेकवून लांबून बघितला, आणि राग कुठे गेला कोण जाणे. न काढलेली पाकळी दिसत होती. काळ्यानेच ती काढली होती.

पार्टी आली. दादरचे पेठेकाका, साड्यांचे जुने दुकानदार.

"बाई, ही पोरगी अर्धंच फूल काढते?"

मी डिसोझाबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणजे उत्तर मलाच द्यायचं होतं.

"काका, उरलेलं काळ्यात आहे."

"असं? आणि ते गिऱ्हाइकाला दाखवायला मी टॉर्च ठेवू?"

मी कागद उचलला आणि पदरासारखा खांद्यावर धरला. काका दोन पावलं मागे सरकले. मान तिरकी केली. मग म्हणाले, "जरा उजेडात या." मी दारापाशी गेले. ते हूं म्हणाले आणि चहा मागवला. आमच्या धंद्यात पार्टीने चहा मागवला की डिझाइन विकलं गेलं असं समजायचं.

मी राहिले. पुढे त्याच खुर्चीत केस पांढरे केले. सासऱ्यांनी शेवटपर्यंत माझं काम बघितलं नाही, पण पगाराच्या दिवशी श्रीखंड आहे का, हे मात्र बघत. आता हाताखाली आलेल्या मुलींना मी काय शिकवलं म्हणाल, तर एवढंच: जे आधीच आहे ते काढत बसू नका. ऐकायला सोपं आहे. मला अजूनही अधूनमधून काजळाची डबी उघडावीशी वाटते.

त्या पहिल्या संक्रांतीला आमच्या चाळीत हळदीकुंकू होतं. शेजारच्या सावंतवहिनी दारात आल्या आणि माझा तिळगूळ हातातच राहिला. अंगावर माझी शेवंती! डिझाइन माझं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. भोळा चेहरा करून विचारलं, "वहिनी, फुलं काय सुंदर आहेत हो! फुलं बघूनच घेतलीत ना?"

वहिनींनी पदर पुढे ओढून बघितला आणि म्हणाल्या, "फुलां? ती आसत बरी. पण माका ह्यो काळो रंग आवाडलो गो. असो काळो मी कधी बघूक नाय."