अनोळखी ठिकाणाहून

दादाचा अंगठा फोनवर अडून राहिला होता. अर्धांगवायूने त्याची वाचा गेली, म्हणून त्याच्या लेकीने, मुक्ताने, त्याच्यापुरतं एक ॲप बनवलं. ते कुठल्याच स्टोअरमध्ये मिळत नाही. तिने व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली. पण फोन बजावत होता, हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलं आहे, धोका असू शकतो. नव्या वॉचमनने घरच्याच मुलीला गेटवर अडवावं, तसा.

दादा सील तपासल्याशिवाय पाण्याची बाटलीही न उघडणारा माणूस. माझी नजर शेजारणीकडून आलेल्या, टेबलावरच्या डब्याकडे गेली. त्यातल्या अळूवड्यांवर ना शिक्का, ना तारीख. तरी आम्ही त्या निर्धास्त खातो, आणि डबा रिकामा परत करत नाही. घरी केलेल्या गोष्टीची हमी कुणी लिहून देत नाही. करणाऱ्याचा हात ठाऊक असतो, तेवढं पुरतं.

"दादा, आपल्या मुक्ताने केलंय रे," एवढंच मी म्हणाले.

त्याने 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. पडद्यावर मोठाली बटणं उमटली. पहिल्यावर बोट ठेवताच जुन्या व्हॉइस मेसेजमधून उचललेला त्याचाच आवाज घरात घुमला, "अगं, ऐकलंस का?"

"आले हो!" स्वयंपाकघरातून वहिनी सवयीने म्हणाली. आणि मग आतला उलथन्याचा आवाज एकदम थांबला.