पिशवीवरचं कडुलिंबाचं पान

मंडळी, सगळ्यांनी वाचावं म्हणून फळ्यावर लिहितोय. आपल्या मोफत औषध मंडळाने सभासदांना छापील पिशव्या विकू नयेत, असं मीच बैठकीत तावातावाने बोललो होतो. सेवेची कसली जाहिरात? नमुन्याची एक पिशवी मात्र भाजीसाठी ठेवून घेतली.

आज बाजारात कोरीट गावच्या एका बाईने तीच पिशवी धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण पिशवीवर छापलेलं, आपल्या दवाखान्याच्या दारावरचंच कडुलिंबाचं पान तिने ओळखलं.

"भाऊ, मन्ही पोरले ताप शे. दवाई दे ना!"

पिशवीत नुसती वांगी! ओशाळलो. तिला दवाखान्यात घेऊन गेलो, पोरीला हिवतापावरचं कोयनेल मिळालं.

त्या बाईचे उपकारच मानतो. पिशव्या जरूर विका. पण घेणाऱ्याला आधी विचारा, बाजारात कुणी पिशवी धरली तर थांबाल ना?