आतल्या मशीनला सांगायचं का

दादा गेला त्या दुपारी मी बीडच्या घरात एका बिघडत चाललेल्या डिस्कशी झगडत बसलो होतो.

माझी कंपनी पुण्यात आहे आणि मी घरूनच तिचे सर्व्हर सांभाळतो. एका मोठ्या यंत्राच्या पोटात दहा-बारा व्हर्च्युअल मशीन चालतात. प्रत्येकीला वाटतं, आपण स्वतंत्र संगणक आहोत, आपली स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात खालचं यंत्र दाखवेल तेवढंच तिला दिसतं. खालची खरी डिस्क नादुरुस्त झाली की आतल्या मशीनला ते कळवायचं का, हे माझ्यासारख्या माणसाला आधीच ठरवून ठेवावं लागतं. एक तर चूक आहे तशी तिला सांगायची. मग तिचं ती बघते, रडते, कधी बंद पडते. किंवा तिला आहे त्या क्षणी गोठवून ठेवायचं. पुन्हा चालू केल्यावर मधला वेळ गेल्याचंही तिला कळत नाही. तिसरी सोय म्हणजे चूक वाटेतच गिळून टाकायची आणि वर ‘झालं, लिहिलं गेलं’ असं सांगायचं.

माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेची मशीन त्या दिवशी सारखी गोठत होती. तिथल्या बाई फोनवर फोन करत होत्या. नवी डिस्क यायला तास-दीड तास होता. तेवढ्यात काकांचा फोन आला, "दादा सिरीयस हाय. गेवराईच्या दवाखान्यात ये."

आपल्याकडे फोनवर कुणी मरण सांगत नाही. ‘सिरीयस हाय, निघा’ एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा चप्पल शोधता शोधता रडायला लागतो. मी उभ्या उभ्या त्या मशीनला तिसरी सोय लावली. तासाभरात कुणाला तरी सांगून डिस्क आणि ही सोय, दोन्ही बदलून घेऊ, असं मनात होतं. मग मी निघालो आणि ते विसरलो.

दादाची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली होती. मी पोचलो तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आई त्या वेळी संभाजीनगरला माझ्या बहिणीकडे होती. बायपास होऊन तिला दोनच आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. तलवाड्याला, आमच्या गावच्या घरी, काकांनी अंगणात उभं राहून निर्णय दिला, "तुझ्या आईला कळू द्यायचं न्हाई. महिनाभर तरी."

मी म्हणालो, "काका, महिनाभर कसं झाकणार?"

"तू कंप्युटरवाला. माणसाच्या काळजाचं तुला काय कळतंय बे?"

खरं म्हणजे मला बरंच वाटलं. तिला सांगायचं काम माझ्यावर आलं नव्हतं.

बहीण ऑफिसच्या कामाचं निमित्त काढून एका दिवसासाठी आली आणि परत जाऊन आईसमोर भाजी निवडत बसली. वहिनींचे, म्हणजे दादाच्या बायकोचे, आईवडील शिरूरचे. ते कारखान्यावर ऊसतोडीला होते. दहाव्याला आले, तेराव्यानंतर परत कोयत्यावर गेले. दादाचा फोन आम्ही रोज चार्ज करत होतो, कारण आई त्याच्याच नंबरवर फोन करायची.

फोन वहिनी उचलायच्या. "मोटर चालू करायला गेलेत. लाईट आत्ताच आली."

पाच-सहा दिवस हे चाललं. मग आई म्हणाली, "माझ्या पोरापेक्षा तुमची लाईटच जास्त येती आता. त्याला म्हणावं, आई हाय अजून."

ती दादासाठी कामं सांगायची. गव्हाला तिसरं पाणी दे, गायीला डॉक्टर दाखव, बांधावरच्या बाभळीचा पाला काढ. ती कामं मी करायचो. करायलाच हवी होती, असं नाही. पण संध्याकाळी तिनं विचारलं तर वहिनींना खरं उत्तर देता यावं, एवढं तरी. बाभळीचे काटे बोटात घेऊन मी घरात यायचो, पुस्तक उघडायचो, एक पान वाचून मिटायचो. एका जागी बसवत नव्हतं. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात. लोक म्हणायचे, धाकटा फार कामाचा निघाला.

मग आईला व्हिडिओ कॉल हवा झाला. सुनेला तरी बघू दे म्हणाली. तेराव्याला आठवडाही झाला नव्हता. वहिनींनी आतल्या खोलीत जाऊन कपाळाला टिकली लावली, शेजारणीच्या हिरव्या बांगड्या घातल्या, आणि फोनसमोर बसल्या. मी फोन धरून उभा होतो. चित्रात फक्त कपाळ आणि हात नीट यावेत, याची मी काळजी घेत होतो. आई म्हणाली, "वाळलीस गं. जेवत न्हाईस का?" वहिनी हसल्या. कॉल संपल्यावर त्यांनी बांगड्या काढून फडक्यात बांधल्या आणि शेजारी नेऊन दिल्या. हे चार वेळा झालं.

बीडला परतून मी कामावर रुजू झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"साहेब, आम्ही काल मशीन बंद करून चालू केली. सतरा-अठरा दिवसांच्या नोंदीच नाहीत."

मला आधी काही आठवलंच नाही. मग ती तिसरी सोय आठवली.

"तुम्ही रोज नोंदी उघडून बघत होता ना?" मी विचारलं.

"बघत होतो की. दिसत होत्या. तुमची मशीन रोज म्हणायची ‘झालं’. झालं म्हणाली म्हणून आम्ही मातीच्या पिशव्या मागच्या खोलीत ढकलल्या. आता त्या परत शोधून परत तपासायच्या. शेतकऱ्यांना काय सांगू, माती हरवली?"

मी सगळं उघडून पाहिलं. बाईंचं म्हणणं खरं होतं. नवी डिस्क खोक्यातच पडून होती; ती बसवायला मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आतली मशीन रोज मन लावून लिहीत होती आणि खाली काहीच उमटत नव्हतं. जे तिच्या स्मृतीत होतं, ते विचारल्यावर ती दाखवत होती. बंद केल्याबरोबर ते गेलं. तिनं एकदाही तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्यासारखं काही आहे हे मीच तिच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं. डिस्क जुनी होती, ती बिघडणारच होती. तिचा मला राग आला नाही. त्या दिवशीच मशीन बंद पडली असती, तर एक दुपार वाया गेली असती, इतकंच.

माझ्या वरिष्ठांना फोन करून मी चूक कबूल केली. ते म्हणाले, "घरी काय झालं होतं ते माहीत आहे आम्हाला. पण गोठवून ठेवायची होतीस रे. गिळायची कशाला?"

गोठवूनही किती दिवस ठेवणार, असं मला विचारायचं होतं. त्या दुपारी मी तलवाड्याला गेलो. वहिनी अंगणात धान्य वाळवत होत्या. आईच्या कॉलची वेळ झाली होती.

"भावजी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "आज मी टिकली लावायची न्हाई."

"नका लावू."

"मग त्यांना काय सांगायचं?"

"उद्या जाऊन सांगू. तुम्ही येता का?"

काका चिडले. म्हणाले, तिला काही झालं तर तू जबाबदार. मी हो म्हणालो. रात्रीतून विचार बदलेल या भीतीनं मी तेव्हाच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सांगा, पण आधी तपासणीला आणा. मी बघतो आणि मगच बोला.

दुसऱ्या दिवशी आईची तपासणी ठीक निघाली. आम्ही बहिणीच्या घरी परतल्यावर, तोवर बाहेर थांबलेल्या वहिनी दारातून आत आल्या. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. कपाळाकडे पाहिलं. मी तिच्याजवळ बसून सांगितलं. ‘सिरीयस’ म्हणालो नाही. दादा गेला, असंच म्हणालो. कधी, कुठे, कसा, तेही सांगितलं.

बहिणीनं तिची नाडी धरली होती. आईनं हात सोडवून घेतला.

"तेरावा झाला?"

"झाला."

"म्हणजे तुमचं सुतक फिटलं." ती बहिणीकडे वळली. "आन् मी इथं बसून शिरा खाल्ला. तू मला करून घातलास."

बहीण रडायला लागली.

"उशिरा कळलं तर तीन दिवस धरत्यात," आई म्हणाली. "मला आज कळलंय. माझं सुतक आजपासून. पाणी तापव."

छातीवरची जखम अजून पुरती भरली नव्हती, म्हणून डोक्यावरून पाणी घेता आलं नाही. बहिणीनं ओल्या तळव्यानं तिचे केस भिजवले आणि पायांवर पाणी घातलं. मग आई खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसली. पलंगावर बस म्हणून आम्ही विनवलं. ती उठली नाही. मी रजा टाकली आणि समोर बसलो.

"आता पहिल्यापासून सांग. काही गाळू नको."

मी सांगत गेलो. अंगात कुठला सदरा होता. पाणी कुणी पाजलं, की पाजायला वेळच मिळाला नाही. जिथं मला माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणालो. ती मधूनमधून मान हलवायची.

"निघताना जेवला होता का?"

हे मला माहीत नव्हतं. मी वहिनींकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही.

"अर्धी भाकर खाल्ली," वहिनी म्हणाल्या. "अर्धी ताटात ठिवली. आल्यावर खातो म्हनले."

"मग त्या अर्ध्या भाकरीचं काय केलंस?"

आईनं सतरंजीवर बाजूला सरकून त्यांना जागा केली. त्या जाऊन बसल्या, आणि सांगायला लागल्या.