अंतर एक किलोमीटर

शालनबाई गेल्याचं मला आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या शोकसंदेशावरून कळलं. तळेगावात घरी चहा घेत मोबाइल बघत होतो, तर बाईंचा फोटो, त्याच्या दुप्पट पुढाऱ्याचा फोटो आणि खाली 'आंदर मावळची ज्ञानज्योत मालवली'. ज्यानं बाईंची शाळा बंद करायला हात वर केला, तोच त्यांना ज्योत म्हणत होता. आधी संताप आला, रडू मागाहून... दीड महिना होत आला, संताप काही उतरत नाही.

आंदर मावळातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई शिकवायच्या. मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात कारकून. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत न्यायची असं धोरण आलं, तेव्हा वाडीपासून त्या शाळेचं अंतर एक किलोमीटर, असं अहवालात मीच लिहिलं. आठवड्याभरात बाई माझ्या टेबलापुढे उभ्या.

"दिघे, हे अंतर कशानं मोजलंत?"

"नकाशावरून, बाई. वरून तशाच सूचना आहेत."

"मग मुलांनाही वरूनच न्यायचं ठरलंय का?"

रविवारी त्यांनी मला ती वाट चालायला लावली. मधल्या ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं, म्हणून पुलाकडून वळसा घातला. सव्वा तास लागला, तोही आम्हा मोठ्यांना. परत आल्यावर वाडीतल्या हिराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सरळ विचारलं, "भाऊ, तुमी तुमची नात धाडाल का ह्या वाटंनं?" मी म्हणालो, "बघतो." आयुष्यभर टेबलाआड बसून हाच एक शब्द शिकलो होतो. सोमवारी अहवालात ओढ्याबद्दल चार ओळी घातल्या. साहेबांनी त्यावर बोट ठेवून माझ्या निवृत्तीला किती दिवस राहिलेत एवढंच विचारलं, आणि मी त्या ओळी काढल्या. हात कुणी धरला नव्हता. मी हे बाईंना सांगितलं, तेव्हा त्या उठून गेल्या आणि चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच केलं त्यांनी.

पुढे लोणावळ्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये पुढाऱ्यानं पालकांना धोरण समजावून सांगायची सभा घेतली. "बाई, अकरा पोरांसाठी शाळा चालवणं राज्याला परवडत नाही," तो हसत म्हणाला. "शाळा म्हणजे हॉटेल आहे का, परवडायला?" बाईंनी विचारलं. लोक हसले, तोही हसला. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. मुलांसाठी कबूल केलेली गाडी दिवाळीपर्यंत धावली आणि बंद पडली. सात मुलं कशीबशी जात राहिली, चार मुली घरी बसल्या, त्यात हिराबाईंची नातही. शनिवार-रविवारी येणाऱ्यांच्या बंगल्यांपर्यंत डांबरी रस्ता याच डोंगरातून गेला, तो मात्र राज्याला परवडला. हे लोक खर्चाबद्दल बोलायला लागले, की मला आता त्यांच्याकडे बघवत नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि वाडीच्या समाजमंदिरात त्या चौघींना घेऊन बसू लागल्या. एके दिवशी माझ्या घरी आल्या. "दिघे, कागद लिहायला येतात ना तुम्हाला? मग बसा." त्यानंतर आम्ही दोघांनी किती अर्ज केले असतील... बाई सांगायच्या, मी लिहायचो. शेवटी छातीचं दुखणं बळावलं, तरी दवाखान्यातून त्यांनी एका अर्जातली माझी वेलांटी सुधारून पाठवली. माफ केलं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

शोकसभेत पुढाऱ्यानं जाहीर केलं, की त्या मोठ्या शाळेच्या प्रवेशद्वाराला शालनबाईंचं नाव देणार. टाळ्या पडल्या. मी उठलो. म्हणालो, "त्या दारापर्यंत वाडीची मुलं पोचत नाहीत. अहवालातलं अंतर खोटं आहे. ते मी लिहिलंय." "दिघेसाहेब भावनिक झालेत," पुढारी म्हणाला, आणि लगेच पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्या दिवशी हेच मी सहीनिशी लिहून कार्यालयात दिलं. पोच मिळाली. उत्तर अजून नाही. प्रवेशद्वाराचा रंग मात्र सुरू झालाय.

गेल्या आठवड्यात वाडीवर गेलो. समाजमंदिरात हिराबाईंची बारावी झालेली सून, सुनीता, मुलांना घेऊन बसली होती. आता सगळी मिळून नऊ आहेत. भिंतीवर बाईंच्या अक्षरातली बाराखडी तशीच होती. मुलं पाट्या घेऊन तयार, पण सुनीता हजेरीची वही मिटून दारात उभी होती.

"सुरू का करत नाहीस गं?" मी विचारलं.

"दोघी यायच्यात अजून, वड्यापल्याडनं. समद्या आल्याबिगर बाई पयलं नाव घेत न्हवत्या. आमी बी न्हाई घेत."

मी चपला काढल्या आणि आत, मुलांच्या मागे जाऊन बसलो. पाऊण तास कुणीच नाव पुकारलं नाही.