खिदिरपूरचा गठ्ठा सोडवताना

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खिदिरपूरच्या एका ट्रक-बुकिंग कचेरीत वेब सर्व्हरच्या मॉड्यूलांचा गठ्ठा सोडण्याचा समारंभ यथासांग पार पडला. पुरोहित मी. यजमान, कचेरीचे साहेब.

बायकोची बँकेत बदली झाली म्हणून मी कोलकात्यात आलो आणि इथे लोकांचे सर्व्हर सांभाळायची नोकरी धरली. सर्व्हर म्हणजे वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम. मॉड्यूल म्हणजे त्याला वरून जोडलेलं एखादं जास्तीचं काम. आमच्याकडे ही मॉड्यूलं एकाच पॅकेजात बांधलेली असायची. ज्याला एक हवं, त्याला सगळी. यातलं नेमकं काय कोण वापरतं, हे कुणीच कुणाला विचारत नसे. मला मात्र तीच उत्सुकता छळायची.

ती भागायची संधी आली एका फसलेल्या अपडेटमुळे. या कचेरीच्या साइटवर ट्रकवाल्यांना गोदीच्या गेटातून आत जायची आपली वेळ कळायची. नव्या सिस्टिमवर गठ्ठ्यातलं एक मॉड्यूल चालेना, त्याच्यापायी अख्खं पॅकेज अडलं आणि साइट बंद पडली. बाहेर ट्रकांची रांग, आत साहेबांच्या टेबलाला ड्रायव्हरांचा वेढा. मी नुकतंच प्रत्येक मॉड्यूलचं वेगळं पॅकेज बांधून ठेवलं होतं. साहेबांना म्हटलं, "दादा, लागतील तेवढीच घालू. कुठली हवीत?"

"सगळी."

"सगळी कशाला?"

"आधी सगळी होती. आता कमी का घेऊ?"

मग मी दुकानदार साड्या उलगडतो तसं एकेक उलगडून दाखवू लागलो. "हे फोटो लहान करतं." साइटवर एकही फोटो नव्हता.

"असू दे."

"हे व्हिडिओ दाखवतं."

"असू दे."

"आणि हे सांगतं, साइट बघणारा कुठल्या देशातला आहे. घोडं इथेच अडलंय."

"बघणारा हावड्याचा आहे," साहेब म्हणाले, "आणि तो आत्ता माझ्या खांद्यावर वाकलाय."

"मग वगळू?"

साहेब घुटमळले. "कधी जपानहून कुणी बघितलं तर?"

खांद्यावर वाकलेला ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, माझा ट्रक जपानला जात नाही. माझी वेळ तेवढी सांगा."

साहेबांनी नाइलाजाने मान हलवली. मी दोनच मॉड्यूलं घातली: एक पानं दाबून हलकी करणारं, दुसरं ड्रायव्हरची ओळख तपासणारं. सर्व्हर एका झटक्यात उठला. ड्रायव्हर आपापल्या मोबाइलवर वेळा वाचत बाहेर पडले आणि बऱ्याच वेळाने टेबलाचा लाकडी रंग दिसला.

सुटका झालेल्या माणसाने खुर्चीत मागे रेलावं की नाही? साहेब पुढे झुकून पडद्याकडे बघतच राहिले. मग न राहवून मोठ्याने बोलून गेले, "म्हणजे बाकीची मॉड्यूलं इतकी वर्षं आत बसून करत काय होती?"